गोधडीची चौथी बाजू

गोधडीवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. माझ्या हाती लागलं तेवढं मी वाचलं. सार एकच निघते. आई, ऊब, गरिबी, आणि शेवटी डोळ्यात पाणी. गोधडी कशी शिवली, कुठं चुकली, कुठं साधली, हे कोणी सांगत नाही. मायेच्या मालाला नावं कशी ठेवायची, असं लिहिणाऱ्याला वाटत असेल. मी तरी कुठं वेगळा? काही वर्षांमागं मीही मायच्या गोधडीवर एक लेख लिहिला. लोकांनी पत्रं पाठवली, एका बाईंनं फोनवर रडून दाखवलं. मी खूश झालो.

घरी नातीनं तो लेख मोठ्यानं वाचला. बायको सुपात तूर पाखडत ऐकत होती. वाचून झाल्यावर ती एवढंच बोलली, "चांगलं लिवलं जी. फक्त चौथी बाजू कोनं शिवली, थे लिवाचं राहून गेलं वाटते."

मी गप्प. कारण राहून गेलं नव्हतं. लिहिताना मला आठवलं होतं, पण लेख मायचा होता. त्यात बायको आली असती तर रडू कमी पडलं असतं. म्हणून मी चारही बाजू मायच्या नावावर चढवल्या, तलाठ्यानं सातबारा फिरवावा तशा. आज तो फेरफार दुरुस्त करायला बसलो आहे. आणि नुसतं नाव दुरुस्त करून भागणार नाही. बाजू कोणाची कशी आहे, तेही बोललं पाहिजे.

आधी गोधडी सांगतो. लांबी सहा फूट, रुंदी साडेचार. पोटात बाबांची दोन धोतरं आणि एक जुनी चादर, खालून मायचं लुगडं अस्तराला, वर ठिगळांची जुळणी. हे सगळ्यांच्या गोधडीत असते. आमच्या गोधडीत आगळं आहे ते काठाला. कापडाचे लहान चौकोन घडी घालून त्रिकोण केलेले, आणि ते त्रिकोण ओळीनं चारही काठांना बाहेर टोक करून शिवलेले. लांबून पाहिलं तर करवतीचे दात. आमच्या घरी त्याला करवतच म्हणत.

हे नाव मायनं माहेराहून आणलं. तिचं माहेर पवनीचं, वैनगंगेच्या काठचं. पवनी, मोहाडी, आंधळगाव या भंडारा जिल्ह्यातल्या गावांत कोष्टी लोक कोशाच्या साड्या विणतात. त्या साडीच्या काठाला दात असतात, म्हणून तिला करवतकाठी म्हणतात. आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. लहानपणी माय मागांच्या खटखटाटात वाढली. कोशाची साडी तिच्या अंगाला कधी लागली नाही. पण काठ डोळ्यात राहिला, तो तिनं चिंध्यांतून काढला. हा भाग मी आधीच्या लेखातही लिहिला होता आणि तो खरा आहे. पुढचं मात्र लिहिलं नव्हतं.

आम्ही शेतकरी लोक दुसऱ्याचं वावर पाहायला गेलो की पीक मागून पाहतो, आधी धुरा पाहतो. पीक पावसानंही येते. धुरा मात्र माणसाच्या हातानंच राहते. धुऱ्यावर काशी माजली, बांध फुटला, की कास्तकार कसा आहे ते समजते. गोधडीचंही तसंच आहे. मधले टाके पाचशे असोत की पाच हजार, गोधडी फाटते ती काठातून. रात्री आपण तोंडावर ओढतो ती काठ धरून. पायानं रेटतो ती काठाला. धुताना मोगरीचा मार काठावर, वाळताना ओझं काठावर. म्हणून गोधडीची परीक्षा काठावर घ्यावी, असं माझं मत आहे.

आता मायच्या तीन बाजू. दोन लांबीच्या आणि एक डोक्याकडची. मी मोजले. डावीकडं चोवीस त्रिकोण, उजवीकडं पंचवीस, डोक्याकडं अठरा. सदुसष्ट झाले. चौकोन चार बोटांचा, म्हणजे तीन इंचाच्या आसपास. माय घडी अशी घालायची: चौकोन मधोमध दुमडायचा, मग दुमडीकडचे दोन्ही कोपरे खाली मधल्या रेषेवर आणायचे. पोरं कागदाची होडी करताना पहिल्या दोन घड्या घालतात तशाच. त्रिकोण तयार होतो, सगळ्या कच्च्या कडा खाली एका रेघेत येतात, आणि एका अंगाला मधोमध उभी फट राहते. असे त्रिकोण तिनं खांद्याला खांदा लावून बसवले. एक संपला की दुसरा सुरू. एकावर एक चढवला नाही.

गुण आधी सांगतो. रंग. मायला अक्षर ओळख नव्हती, पण रंग तिला वाचता येत होते. गडद त्रिकोणाशेजारी फिका, फिक्याशेजारी फुलांचा, आणि दर काही घरांनंतर एक लाल. तो लाल नेमक्या अंतरानं येत नाही. कुठं चौथा, कुठं सहावा. त्यामुळे नजर काठावरून घरंगळत जाते, थांबत नाही. मोजून लावलेला लाल मी दुकानात पाहिला आहे. तो रेल्वेच्या सिग्नलसारखा दिसतो. मायचा लाल शेतातल्या मिरचीसारखा दिसतो, पानाआड इथं एक, तिथं एक. आमच्या उमरेड-भिवापूर पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे जास्त सांगावं लागणार नाही.

दुसरा गुण कापडाचा. सदुसष्टच्या सदुसष्ट त्रिकोण सुताचे. सुताच्या कापडाला नखानं दाबलं की घडी बसते आणि बसलेली राहते. मायनं घड्या नखानं नाही, गरम पाण्याच्या लोट्यानं दाबलेल्या मला आठवतात. टोकं आजही तिखट आहेत.

आता दोष. पहिला दोष ती फट. फटीत कापूस, कुसळ, धूळ जाऊन बसते. पोरांची बोटं जातात. ओढताना बोट फटीत अडकलं की त्रिकोणाचे दोन पाय फाकतात, टोक उघडते, आणि मग तो दात राहत नाही, मेलेल्या फुलपाखरासारखा लोंबतो. असे नऊ त्रिकोण आज उघडे पडले आहेत, आणि नऊच्या नऊ मायच्या बाजूंवर आहेत. दुसरा दोष बसवणीचा. खांद्याला खांदा लावला की प्रत्येक दात आपल्या एकट्याच्या टाक्यावर उभा. शेजाऱ्याचा आधार नाही. एकाचे टाके सुटले की तो एकटाच गळतो आणि काठाला दात पडलेल्या म्हाताऱ्याचं तोंड येते. तिसरा दोष कोपऱ्याचा. उजव्या बाजूला पंचवीस त्रिकोण का झाले? कारण चौकोन बोटांनी मापले, बोटं सकाळी एक आणि संध्याकाळी एक माप देतात. शेवटी जागा उरली, तिथं एक जास्तीचा कोंबला. त्या कोपऱ्यात तीन दात एकमेकांच्या अंगावर चढले आहेत. भरल्या एस्टीच्या दारात माणसं असतात तसे.

आता चौथी बाजू. माय 2004 च्या उन्हाळ्यात गेली, तेव्हा पायाकडची बाजू तशीच उघडी होती. धागे लोंबत होते. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि पावसाच्या आधी बायकोनं ती गोधडी काढली. कोणी सांगितलं नव्हतं. मी तर म्हणालो होतो, "राहू दे तशीच, मायची आठवण हाय." ती म्हणाली, "आठवण धुता येते का? उघड्या काठानं एका धुण्यात पिंजून जाईन."

तिनं आधी जे पाहिलं, ते मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मायनं गोधडीला टाके घालताना चारही काठांना दोन-दोन बोटं जागा मोकळी सोडली होती. पायाकडंही. ही जागा कशाला? तर वरचं कापड आणि अस्तर यांची तोंडं वेगळी राहावीत म्हणून. त्रिकोण वरच्या कापडावर उलटे ठेवायचे, टोक गोधडीच्या आत, कच्ची कड काठाशी. धावदोरा घालायचा. मग त्रिकोण बाहेर पलटवायचे, अस्तराची कड आत दुमडायची, आणि मागून हातशिलाईनं तुरपून टाकायची. सगळ्या कच्च्या कडा पोटात बंद. काठापर्यंत टाके घातलेल्या गोधडीला हे करता येत नाही. तिच्यावर वरून पट्टी ठोकावी लागते. म्हणजे करवत ही शेवटी सुचलेली शोभा नव्हती. पहिला टाका घालतानाच मायच्या मनात होती. हे मला बायकोच्या बोटानं दाखवलं.

बायकोची घडी वेगळी. ती चौकोन कर्णावर दुमडते, झालेला त्रिकोण पुन्हा मधोमध दुमडते. कच्च्या कडा इथंही एका बाजूला येतात, पण अंगावर फट नाही. उलट एक बाजू बंद राहते आणि दुसरी पाकिटासारखी उघडी. त्या उघड्या तोंडात पुढच्या त्रिकोणाचा खांदा घालायचा, त्याच्या तोंडात त्याच्या पुढच्याचा. आगगाडीचे डबे जोडावे तसे. तीन इंचाच्या चौकोनातला इंचभर शेजाऱ्याच्या पोटात जातो, दोन इंच बाहेर राहतो. साडेचार फुटांच्या बाजूला सत्तावीस त्रिकोण बसले. तिनं आधी दोन टोकांचे लावले, मग मधोमध एक, मग दोन्हीकडची जागा वाटून घेतली. कोपरा कोंबलेला नाही. दोन दात कोपऱ्यावर शेजारी शेजारी उभे आहेत, धुऱ्यावर दोन कास्तकार बोलत उभे असावे तसे, कोणी कोणाच्या हद्दीत नाही.

वीस वर्षांत त्या सत्तावीसपैकी एकही सुटला नाही. एक ओढला तर शेजारचे दोन त्याच्याबरोबर येतात, ओढ वाटली जाते.

इथं मला एक गोष्ट बोलायची आहे. करवतकाठी साडी विणताना तीन धोटे चालतात. मधल्या अंगाचा एक, दोन काठांचे दोन. जिथं अंग आणि काठ भेटतात तिथं एकाचा धागा दुसऱ्याच्या धाग्यात अडकवतात, आणि त्या अडकवण्यातून दात उमटतात. म्हणजे साडीतला दात वरून लावलेला नसतो, तो जोड असतो. मायनं पवनीच्या करवतीचं रूप आणलं. बायको कुहीकडची, तिनं माग जवळून पाहिलेला नाही. पण त्या करवतीतली गुंतवण तिच्या बाजूत आहे. करवतीचं नाव मायच्या तीन बाजूंचं, पण काम चौथीनं केलं. हे लिहायला मला जड गेलं. पण मोजून, ओढून पाहून लिहितो आहे.

बायकोच्या बाजूला दोष नाहीत असं नाही. असते तर मी लिहिले नसते, असं कोणी समजू नये. पहिला म्हणजे रंग. तिची बाजू शहाण्या पोरीसारखी बसली आहे. निळा, पांढरा, निळा, पांढरा. चूक नाही, पण नजर दोनदा जात नाही. दुसरा दोष कापडाचा. सत्तावीसपैकी सात त्रिकोण टेरिकॉटचे आहेत. टेरिकॉटला घडी बसत नाही, दाबली की उठते. त्या सातांची टोकं बोथट आहेत, फुगलेली. तिसरा दोष दोऱ्याचा. तिनं बाजारातला पक्का नायलॉनचा दोरा वापरला. पक्का दोरा जुन्या लुगड्याला आरीसारखा कापतो. तुरपाईच्या रेषेवर अस्तर दोन जागी चिरलं आहे. जुन्या कापडाला त्याच्याच ताकदीचा दोरा पाहिजे. तुटायचं झालं तर दोरा तुटावा, कापड नाही. दोरा पुन्हा घालता येते.

हे सगळं मी वहीत लिहून बायकोला वाचून दाखवलं. आपली बाजू जिंकली म्हणून ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तर ती मायच्या बाजूनं भांडायला उभी राहिली.

"आत्याबाईनं फटीची घडी काहून घातली, इचारलं का कधी? माया घडीनं शिवलं तर दोन इंचाले एक चौकोन लागते. त्याहीच्या घडीनं तीन इंचाले एक. करा हिशोब. त्याहीच्याजवळ कपडा कुठं होता जी?"

मी हिशोब केला. सहा फुटांची बाजू. मायच्या रीतीनं चोवीस चौकोन, बायकोच्या रीतीनं छत्तीस. म्हणजे दीडपट कापड. मायच्या दिवसांत लुगडं आठ ठिकाणी दांड भरून नेसत, मग त्याची गोधडी होई, मग पोतेरं. नागपुरात एम्प्रेस मिल 1877 पासून कापड काढत होती, गावचे दोघं-तिघं तिथं कामाला होते, नागपूर-नागभीडच्या लहान गाडीनं सुटीला येत. कधी तुकडे आणत. ते तुकडे घरोघर वाटले जात, मायच्या वाट्याला मूठभर. आणि मी म्हणतो, खांद्याला खांदा का लावला!

तर माझ्या टीकेतला पहिला आणि दुसरा दोष अर्धा माफ. दोष आहेच, नऊ दात उघडे पडले ते पडलेच. पण तो न येण्यातून आलेला नाही, न असण्यातून आलेला आहे. कामावर टीका करणाऱ्यानं आधी कारागिराच्या पेटीत काय होतं ते पाहावं, हे दहावी शिकलेल्या माझ्यासारख्याला साठी ओलांडल्यावर समजलं. कोपऱ्याचा दोष मात्र कायम. बोटानं मापायच्या ऐवजी एक चौकोन नमुन्याचा ठेवला असता तर चिंधीभर कापडही जास्त लागलं नसतं.

"आन् ते टेरिकॉटचे सात?" मी विचारलं.

"तुमच्या लग्नातला सदरा हाय थो. त्याची घडी तवाही बसत नव्हती."

यावर मी काही लिहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात नागपूरला एका प्रदर्शनात गेलो होतो. तिथं टांगलेल्या गोधड्या पाहिल्या. किंमत चार आकडी. जवळ जाऊन पाहिलं तर ठिगळं छापलेली. एकसंध कापडावर ठिगळांचं चित्र. काठाला दात होते, तेही तयार लेसचे, पोकळ, वरून मशीननं दाबलेले. मी बोटानं हलकेच ओढून पाहिलं तर विकणाऱ्या पोरानं "बाबाजी, हात नका लावू" म्हटलं. ज्या गोधडीला हात लावायचा नाही ती काय कामाची? मी स्वस्त मालाला नावं ठेवत नाही, ज्याला जे परवडते ते त्यानं घ्यावं. पण दाताचं चित्र काढून कोणी करवत चालवत नाही.

नातीनं मोबाईलवर मला आणखी दोन गोष्टी दाखवल्या. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात, मूळचे आफ्रिकेतले, घरात कोकणी बोलतात. त्यांच्या बायकांची गोधडी म्हणजे कवंदी. त्या काठापासून शिवत आत मध्याकडं येतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. त्यांना त्या 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडीनागडी समजतात. आणि अमेरिकेतल्या बाया तर अगदी आमच्यासारखेच घडीचे त्रिकोण काठाला लावतात. तिकडच्या गवताळ मैदानांवरून त्यांना 'प्रेअरी पॉइंट' असं नाव आहे. फोटो मोठा करून बायकोनं पाहिला. म्हणाली, "हे मायासारखी घडी हाय. आन् ही खालची आत्याबाईसारखी." दोन्ही रीती तिकडंही आहेत. कोणी कोणाकडून शिकलं नसेल. चौकोनी चिंधी हातात आली की माणसाचं बोट तिला त्रिकोण करते, एवढंच मला दिसते.

आता प्रश्न गोधडीचा. पोरगी पुण्याला असते. तिला आजीची गोधडी पाहिजे. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, तो फाटका काठ कापून टाका आणि टेलरकडून पायपिन लावून घ्या, इथं मशीनमध्ये धुवावी लागते." तिचं चुकलं नाही. लेख वाचून तिला गोधडी पाहिजे झाली, आणि लेखात मी काठाचं काहीच सांगितलं नव्हतं. ऊब तर काठ कापूनही राहते. ऊबच विकली तर काठ कोण वाचवणार?

आम्ही दोघांनी ठरवलं ते असं. काठ कापायचा नाही. मायचे नऊ उघडे त्रिकोण उसवायचे, आणि मायच्याच घडीनं पुन्हा लावायचे. बायकोच्या घडीनं लावले तर ते पक्के होतील, पण रांगेत परके दिसतील, आणि शेजारी त्यांना तोंड द्यायला कोणी नाही. फक्त फटीच्या आतून प्रत्येकाला दोन टाके, बाहेरून न दिसणारे, म्हणजे पाय फाकणार नाहीत. कोपऱ्यातला पंचविसावा काढायचा का, यावर दोन दिवस वाद झाला. मी म्हटलं काढ, बायको म्हणाली राहू द्या. राहिला. तिच्या तुरपाईतला नायलॉन दोरा मात्र उसवायचा, तिथं सुती दोरा घालायचा. हे तिनं एका शब्दानं न भांडता मानलं.

तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. सुईत दोरा नात ओवून देते. रोज दुपारी दोन त्रिकोण होतात. पाच झाले. गोधडी पुण्याला जाईल तेव्हा सोबत हा लेख पाठवीन, आणि मशीनमध्ये टाकायची नाही, असं वर लिहून देईन.

आणि नोंद म्हणून: डावी बाजू, उजवी बाजू आणि डोक्याकडची बाजू, त्रिकोण सदुसष्ट, माझी माय. पायाकडची बाजू, त्रिकोण सत्तावीस, माझी बायको. आधीच्या लेखात मी चुकीचं लिहिलं होतं.